अठरा पांढऱ्या चकत्या

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. चुकून नाही, माहीत असून. अपघाताच्या अहवालात तुम्ही लिहिलंत की गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकअपमधलं बंप रबर कंपनीच्या मापापेक्षा बावीस मिलिमीटरने कापलेलं होतं, त्यामुळे गाडी वळणावर ताब्यात राहिली नाही, आणि हे काम करणारा मेकॅनिक निष्काळजी होता. तो मेकॅनिक माझा दादा. त्या गाडीत त्या दिवशी धड असं एकच काम होतं, आणि ते त्याने कापलेलं रबर. जे धड नव्हतं ते मी केलं होतं, आणि त्याबद्दल तुमच्या अहवालात एक शब्द नाही.

तुमच्या खुर्चीवर कोण बसतं मला ठाऊक नाही. कागदाखालची सही वाचता येत नाही. वाचता येऊ नये अशीच ती केलेली असते. म्हणून नुसतं साहेब म्हणतो. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस. लिहायला शिकलो ते गाड्यांच्या पुस्तकांच्या समासात मापं लिहून. तेव्हा शब्द इकडचे तिकडे झाले तर चालवून घ्या. मापं चुकणार नाहीत.

गाडी खाली बसवणं कुणालाही जमतं. आखूड स्प्रिंग टाकली की झालं, गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते, मालक खूश. पण गाडी तीस मिलिमीटर खाली आली म्हणजे शॉकअपचा दांडा तेवढाच नळीत आत गेला. चाकाला वर जायला जी जागा होती, ती तेवढी गेली. त्या दांड्यावर एक रबर असतं, बोटभर लांब, वळ्यावळ्यांचं. दांडा फार आत शिरला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. खाली बसवलेल्या गाडीत ते मूळ मापाचं ठेवलं, तर गाडी उभ्या उभ्याच त्याच्यावर टेकल्यात जमा असते. मग स्प्रिंग नावाला. जरा खड्डा आला की चाक रबरावर आदळतं, रस्ता सोडतं, आणि वळणावर रस्ता सोडलेलं चाक काय करतं ते सांगायला नको. बरं, रबर काढूनच टाकलं, तर पहिल्या दणक्यात शॉकअप फुटतो नाहीतर टायर मडगार्डला लागतो. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक माप असतं. प्रत्येक गाडीचं वेगळं. ते शोधायला दादाला तीन दिवस लागायचे.

स्प्रिंग बाहेर काढायची, नुसता शॉकअप बसवायचा, चाक लावायचं आणि जॅकने चाक तसू तसू वर चढवायचं. मडगार्डच्या आतल्या अंगाला मळलेल्या मातीचा गोळा चिकटवायचा. टायरचा ठसा मातीवर उठला की थांबायचं, दांडा मोजायचा, आणि मग पातळ पात्याने रबराचं एकेक वळं उतरवायचं. एक वळं, परत जॅक, परत माप. मला कंटाळा यायचा. दोन वळी एकदम काप की, म्हणायचो. तो म्हणायचा, रबर एकदा कापलं की वाढत नाही, बारक्या. मी त्याच्या टकलाकडे बघून म्हणायचो, तुला चांगलंच ठाऊक असणार. मग दांड्यावर प्लास्टिकची पट्टी आवळायची आणि गाडी फिरवून आणायची. पट्टी जिथे सरकलेली असेल तिथवर दांडा गेला. पट्टी बघताना दादा गाडीखाली इतका वेळ पडून राहायचा की वहिनी चहा घेऊन आली तर आधी पायाला पाय लावून बघायची, झोपला की काय.

दातांच्या डॉक्टरांची गाडी अशीच केलेली. दोनच माणसांची, करड्या रंगाची, नाकाने जमीन हुंगत चालल्यासारखी. रबर साठाचं अडतीस केलं. उभ्या गाडीत रबराखाली चोवीस मिलिमीटर मोकळी जागा ठेवली. डॉक्टर घाटाच्या रस्त्याने चक्कर मारून आले आणि गाडीतून उतरेचनात. म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ही माझं ऐकते आहे. दादा म्हणाला, घरात कुणीतरी ऐकायला हवंच.

पुढच्या वर्षी त्या गाडीची तुमच्याकडची तपासणी आली. तुमच्या वाहन तपासणी केंद्रात शंभर मिलिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा असतो, तो गाडीखालून सरकला पाहिजे. डॉक्टरांच्या गाडीच्या पुढच्या बंपरचा खालचा ओठ होता ब्याण्णवला. दादा गावात नव्हता. वहिनीच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन, दोघं तिकडे. फोनवर त्याने मला नीट सांगितलं: स्प्रिंगची बैठक फिरवून दहा मिलिमीटर वर घे, चाकं सरळ करून दे, तपासणी झाली की परत उतरव. म्हणजे जाताना अर्धा दिवस, आल्यावर अर्धा दिवस.

मी तसं केलं नाही. सगळी गॅरेजं जे करतात ते केलं. बाजारात पाच मिलिमीटरच्या पांढऱ्या चकत्या मिळतात, एका बाजूने चीर दिलेल्या. गाडी उचलायची, दांडा बाहेर लोंबतो, त्याच्यावर चकत्या दाबून बसवायच्या, गाडी सोडायची. रबराखालची सगळी मोकळी जागा चकत्यांनी भरते, गाडी रबरावर चढून बसते आणि ठोकळा खालून सुळकन जातो. दहा मिनिटांचं काम. सातात उंची मिळते, पण वजनाने रबर दबतं, म्हणून मी नऊ घातल्या. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. दादाने तीन दिवस घालून चाकाला जी जागा करून दिली होती, ती मी दहा मिनिटांत बुजवली. केंद्रातून परत गॅरेजपर्यंत सावकाश आणायची आणि काढून टाकायची, एवढाच विचार. हे सगळेच करतात, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. चूक करताना माणसाला सोबत फार लागते.

तुमचा तपासनीस गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. हा तो चष्मा कपाळावर ठेवून फिरणारा, तुम्हाला कळेल कोण. त्याने बॅटरी मारली. काळ्या दांड्यावर पांढऱ्या चकत्या, आंधळ्यालासुद्धा दिसतील. प्रकाश तिथेच थांबला, मग पलीकडच्या चाकाकडे गेला, तिथेही थांबला. मग तो मला म्हणाला, "दादा नाहीत वाटतं आज?"

मी म्हटलं, नाहीत.

"ते असते तर गाडी अशी नसती आली." बॅटरी बंद करून तो वर आला. "जाताना काढा ते." आणि त्याने शिक्का मारला.

तो वाईट माणूस नाही. माझ्यासारखाच आहे. त्यालाही वाटलं, हा काढेल.

आणि मी काढणारच होतो. पण फाटकातून डॉक्टर आत येताना दिसले. एक पेशंट आला नव्हता, तास मोकळा होता, तर स्वतःच गाडी घ्यायला आलेले. किल्लीसाठी हात पुढे केला, मग एक पाऊल मागे जाऊन गाडीकडे बघितलं. म्हणाले, पुढून जरा उंच वाटते. मी म्हटलं, तपासणीपुरती. इथे मी म्हणायला हवं होतं की डॉक्टर, गॅरेजवर चला, दहा मिनिटं द्या. पण मग ते विचारणार, दहा मिनिटांत कसं? आणि मला सांगावं लागणार की तुमच्या गाडीवर मी बाजारू काम केलंय. तपासनीस शेजारीच उभा, कागदांचा गठ्ठा लावत. मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"दादांनीच केलंय ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. दादाचं नाव आलं की त्यांचं विचारणं संपायचं. मी चालत गॅरेजवर आलो. वाटेत दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मनाला म्हटलं, चालवत असतील, उद्या बोलावू. त्यांनी दवाखान्याची वाट धरली नव्हती. तास मोकळा होता ना, म्हणून ते घाटाच्या रस्त्याला गेले होते, जिथे गाडी त्यांचं ऐकते तिथे. ठिगळं लावलेलं एक उतरतं वळण आहे. पुढची चाकं रबरावर आदळली आणि गाडी वळलीच नाही. सरळ दगडी कठड्यात. डॉक्टर वाचले. उजवं मनगट आणि खांदा गेला. आत पट्ट्या आहेत, स्क्रू आहेत. दाताच्या डॉक्टरचं उजवं मनगट, साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला तो घरी न जाता थेट तुमच्या आवारात. गाडी तिथे आणून टाकली होती. तो खडीवर पाठ टेकून खाली सरकला. मी बाजूला उभा होतो. बराच वेळ फक्त त्याचे बूट दिसत होते. बाहेर आला, गुडघे झटकले आणि विचारलं, किती घातल्यास? म्हटलं, नऊ-नऊ. तो म्हणाला, आठ पुरल्या असत्या. बस, एवढंच. त्या वेळी तो माझ्या मुस्काटात देता तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

आमच्यासमोर तुमच्या दोन माणसांनी त्या चकत्या काढल्या, मोजल्या, अठरा भरल्या, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. ही पिशवी तुमच्या कोठारात आहे. अहवालात ती नाही. कारण ती आली असती तर पुढचा प्रश्न आला असता: मग शिक्का मारताना हे कुणी पाहिलं नाही का? त्यापेक्षा कापलेलं रबर सोपं पडलं. रबर बोलत नाही.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे पाच जण. मी मागच्या बाकावर. मधल्याने विचारलं, काम कुणाचं? दादा म्हणाला, "गॅरेज माझं आहे. काम माझं."

मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो की दादाने मला गप्प बसवलं. सांगताना मी त्याची नजरसुद्धा करून दाखवायचो. खोटं आहे ते. त्याने मागे वळून पाहिलंच नाही. मला गप्प बसायचंच होतं, आणि त्याने मला तशी जागा करून दिली. गॅरेजचा परवाना माझ्या नावावर होऊ शकत होता, माझ्यापुढे तीस वर्षं होती, त्याची संपत आली होती. हे गणित त्याने मनात केलं. मी त्याला ते पुरं करू दिलं.

तुम्ही त्याला कुठल्याही गाडीच्या सांगाड्याला हात लावायची मनाई केलीत. कायमची. गॅरेज दोन महिन्यांनी माझ्या नावाने उघडलं. दादा रोज सकाळी येतो, उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकतो, आत पाऊल टाकत नाही. नियम म्हणजे नियम, असं म्हणतो. माझं काम बघतो आणि बोलत नाही. जॅक कुठे चुकीचा लावला तर नुसता खाकरतो. मग दुपारी घरी जातो. वहिनी म्हणाली, त्यांनी घरातल्या एकूण एक बिजागऱ्यांना तेल घातलंय, आता एकही दार करकरत नाही, कोण आलं-गेलं कळत नाही. आणि मग माझ्या ताटात वाढता वाढता, "तुझ्या जिभेला एरवी हाड नसतं. नेमकं त्या खोलीत कुठून उगवलं रे?" मी जेवलो. काय करणार? ताटावरून उठलो असतो तर तेही नाटकच झालं असतं.

वर्षाने मी डॉक्टरांकडे गेलो. ते आता शिकवतात. कवळीच्या साच्यावर डाव्या हाताने दाखवतात, विद्यार्थी करतात. वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबलो. मग सांगितलं सगळं, चकत्या, नऊ-नऊ, आणि तो हो. ते रागावतील, निदान बाहेर काढतील असं वाटलं होतं. ते उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवत म्हणाले, "दादा माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते. म्हणून मी खाली वाकून पाहिलं नाही. एरवी मी पाहतो." मग म्हणाले, हे मला सांगून काय उपयोग, जिथे सांगायचं तिथे सांगा.

तर मी तुम्हाला सांगायला लागलो. तीन पत्रं लिहिली. सगळं लिहिलं, माझी सही, माझा पत्ता. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर आलं: प्रकरण निकाली निघाले आहे. तिसरं घेऊन मी स्वतः आलो. खिडकीवरच्या बाईंनी वाचलं, वरून खालपर्यंत मला न्याहाळलं आणि म्हणाल्या, आपला गुन्हा आपणच कबूल करायला इतके हेलपाटे घालणारा माणूस मी पहिलाच पाहते. मग त्यांनी समजावलं की ज्याला शिक्षा झाली त्यानेच फेरचौकशीचा अर्ज करायचा असतो. मी कुणीच नव्हतो. तुमच्या कागदांत मी त्या दिवशी तिथे नव्हतोच.

दादापुढे अर्ज ठेवला. तो उंबऱ्याबाहेर खुर्चीत होता. वाचून त्याने घडी घातली आणि परत दिला. म्हणाला, आता सांगू की मी तेव्हा खोटं बोललो? या वयात तेवढंच राहिलंय. मी म्हटलं, दादा, माझ्यासाठी बोललास ते.

"चकत्यांचा राग नाही रे मला," तो म्हणाला. "मीपण लावल्यात, तुझ्या वयाचा असताना. पण डॉक्टरांनी माझं नाव घेऊन विचारलं आणि तू हो म्हणालास. तुझ्या कामाला तू माझं नाव दिलंस. पुढे मी त्या खोलीत वेगळं काय केलं? जे तू देऊन बसला होतास तेच पक्कं करून आलो."

हे त्याला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं असणार. मी रॅम्पखाली जाऊन उभा राहिलो, कारण तिथे तोंड दिसत नाही.

गोष्ट इथे संपली असती, तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण दोन महिन्यांपूर्वी तुमचं परिपत्रक आलं. खाली बसवलेल्या गाडीतलं बंप रबर मूळ मापाचंच हवं. कापलेलं आढळल्यास गाडी नापास. आणि खाली आधाराला दादाविरुद्धच्या त्या अहवालाचा क्रमांक. आठवड्याभरात एका मास्तरीणबाईंची गाडी आली, अशीच खाली बसवलेली, तुमच्या नियमाने रबर साठचं साठ. ती आवारात वळली तेव्हा दादा खुर्चीत होता. फरशीच्या सांध्यावरून पुढचं चाक गेलं मात्र, त्याने मान वर केली. आवाजावरून कळतं त्याला. म्हणाला, ही रबरावर बसली आहे. काप.

मी म्हटलं, कापता येत नाही. आणि परिपत्रक त्याच्या हातात दिलं.

त्याने चष्मा शोधला, तो त्याच्याच डोळ्यांवर होता. दोनदा वाचलं. क्रमांकावर बोट ठेवून म्हणाला, "हा माझा ना?" मी मान हलवली. तो म्हणाला, म्हणजे माझ्या नावावर आता सगळीकडे चाकं आदळायची. माझं गेलं ते गेलं, त्याला मी राजी होतो. हे कुणी सांगितलं होतं यांना?

मग त्याने अर्ज मागितला. घडी मोडून गुडघ्यावर सपाट केला. सही करताना त्याचा हात थरथरला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तुमचे लोक म्हणतील म्हाताऱ्याचा हात धरून सही घेतली. खाली एक ओळ त्याने स्वतःच्या अक्षरात जोडली: त्या दिवशी मी खोटं बोललो, रबर बरोबर होतं. वहिनीने अर्जाची प्रत कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, चला, एकाला तरी वाचा फुटली. माझ्याबद्दल नाही, त्याच्याबद्दल म्हणाली. माझ्याबद्दल अजून ती तसं काही म्हणत नाही.

तो अर्ज तुमच्या खिडकीवर दिल्याला एकेचाळीस दिवस झाले. मास्तरीणबाई दर दोन दिवसांनी विचारतात, गाडी कधी मिळणार. रबर कापलं तर तुमच्याकडे ती नापास होते. नाही कापलं तर कुठल्यातरी वळणावर ती वळणार नाही, आणि या वेळी मला ते आधीपासून ठाऊक आहे. म्हणून ती रॅम्पवर तशीच आहे. दादा उंबऱ्याबाहेर आहे. त्याला आत बोलवायचा हक्क मला नाही, तुम्हाला आहे.

पिशवी उघडा, चकत्या मोजा, तुमच्या चष्मेवाल्याला समोर बसवून विचारा. मलाही बोलवा, या वेळी मी पुढच्या बाकावर बसेन. जी शिक्षा असेल ती लावा, परवाना घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण निष्काळजी मेकॅनिक या शब्दांपुढे माझ्या दादाचं नाव किती दिवस ठेवणार आहात, आणि माझं कधी घालणार आहात? तारीख सांगा, साहेब. लेखी सांगा, आणि सही वाचता येईल अशी करा.